चौथ्या वर्षाचा रकाना

रुवीत, शुक्रवारची नमाज सुटल्यावर
टायपिंग सेंटरचं शटर अर्धं उचलून
कुट्टी मला मागची खोली देतो.
एक टेबल, तीन स्टुलं, धापा टाकणारा एसी
आणि भिंतीवर एका विमान कंपनीचं
गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

तिथं बसून मी लोकांना वजाबाकी शिकवते.

हसू नका. बेरीज सगळ्यांनाच येते.
कॉलेजांची माहितीपत्रकं बेरजेतच बोलतात:
हिरवळ अधिक वाचनालय अधिक पोहण्याचा तलाव,
आणि शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
शुल्क दरवर्षी बदलू शकते.

मी वहीत रकाने आखते.
फी सगळेच सांगतात. मी मेस विचारते,
परत मिळते म्हणतात ती अनामत विचारते,
सुट्टीत मस्कतला यायचं तिकीट,
आणि पहिल्याच सत्रात पोर रडत फोन करणार,
त्या वेळचं एक जास्तीचं तिकीट.
हे कुणी छापत नाही.

‘मदत’ हा शब्द मी तांबड्या पेनानं फोडते.
खातूंच्या मृण्मयीला पत्र आलं होतं, साठ टक्के मदत!
पेढे वाटले त्यांनी. मीही दोन खाल्ले.
फोडल्यावर निघाली दहा टक्के माफी
आणि पन्नास टक्के कर्ज,
तेही सहीच्या दिवसापासून व्याज मोजणारं.

आज इस्माईल परकार आलेत, सोहारहून,
तीन तास बसनं. बंदरावर क्रेन चालवतात.
सोबत लेक, नाझमीन,
आणि तिच्या मांडीवर, सुपरमार्केटच्या पिशवीत, तीन पत्रं:
पुण्याचं रुपयांत, क्वालालंपूरचं रिंगिटमध्ये,
आणि घराजवळच्या कॉलेजचं रियालमध्ये,
दशांशचिन्हापुढं तीन आकडे लावून.
परकारांनी एकवीस वर्षं पगार असाच मोजलाय,
शेवटच्या बैशापर्यंत.

‘आधी सगळं एका नाण्यात आणू,’ मी म्हणते,
‘नाहीतर केळी आणि कंटेनर एकाच काट्यावर.’

पुणं स्वस्त वाटतं, दुसरं पान उलटेपर्यंत.
तिथं एनआरआयचा दर वेगळा.
दापोलीला ज्यांच्या आज्याची कबर आहे
ते पुण्याच्या कागदावर परदेशी,
आणि इथं तर आहेतच.

क्वालालंपूरची शिष्यवृत्ती घसघशीत.
अट नाझमीन स्वतःच वाचते, मोठ्यानं, न अडखळता:
दरवर्षी पंच्याऐंशी टक्के, नाहीतर बंद.
‘मिळतील,’ ती म्हणते.
‘मिळतील,’ बाप म्हणतो.
मी ‘मिळतील’ असं लिहिते
आणि खाली, बारीक, ‘न मिळाल्यास?’

पेन चौथ्या वर्षापाशी येतं
तेव्हा परकार म्हणतात, ‘नाझू, जरा खालून चाय आण. तीन करक.’
जिना उतरणारी चप्पल ऐकू येते.
‘तेवढा रकाना मोकळा ठेवा, बाई.
पुढच्या मार्चपासून क्रेनमध्ये माणूस नको.
ऑफिसात बसून, पडद्यावर बघून हलवणार म्हणे.
ग्रॅच्युइटी किती मिळेल ते मला पाठ आहे.’
आणि आकडा सांगतात,
तिन्ही दशांशांसकट, आयत म्हणावी तसा.

तो मी कुठं लिहू?
मिळकतीत लिहिला तर एकदाच येणार.
मदतीत लिहिला तर कुणाची मदत?

करकचे तीन कागदी कप येतात,
एक थोडा सांडलेला, तो ती स्वतःकडे ठेवते.
वही आपल्याकडे वळवते,
बोटानं पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं,
मोकळ्या जागी थांबते.

‘बाई,’ ती विचारते,
‘ग्रॅच्युइटीचा रकाना कुठाय?’

परकार कॅलेंडरकडे बघत राहतात,
गेल्या वर्षीच्या कुठल्याशा तारखेकडे.
एसी धापा टाकतो.
मी पट्टी शोधते, कागदांखाली, खणात. सापडत नाही.
मग हातानंच रेघ ओढते.
वाकडी येते.